ओलं दप्तर आणि अर्धी राहिलेली नक्कल

सोलापुरात नळाला पाणी येतं चार-पाच दिवसांआड. त्यामुळे आमच्या शहरात पाण्यानं कुणाचं नुकसान होईल हे कुणाला खरं वाटत नाही. मलाही वाटत नव्हतं. नोकरीचा सगळा काळ मी दप्तरखान्यात काढला. त्या काळात मी वाळवीला भ्यायले, उंदरांना भ्यायले, आगीला तर रोजच भ्यायले. पाण्याला मात्र कधी भ्यायले नाही.

माझं काम काय होतं ते आधी सांगते, कारण आमच्या गल्लीत शेवटपर्यंत मला 'लायब्ररीवाली' म्हणत. लायब्ररीत पुस्तकं असतात. एक फाटलं तर दुसरं मिळतं. दप्तरखान्यात जे कागद असतात ते जगात एकदाच लिहिलेले असतात. आमच्याकडे बंद पडलेल्या गिरण्यांची हजेरीपत्रकं होती, मोडीतले करार होते, तीस सालच्या लष्करी कायद्याच्या काळात भिंतींवर डकवलेली पत्रकं होती, तेलुगू आणि कन्नड पत्रव्यवहार होता. जुन्या फोटोंच्या काचा होत्या. आणि साड्यांच्या काठ-पदराचे हातानं रंगवलेले नमुने होते. चौकटीच्या कागदावर एकेक घर रंगवून विणकराला काठ कसा उतरवायचा ते त्यात दाखवलेलं असायचं. हे सगळं लावायचं, सांभाळायचं आणि कुणी मागितलं तर काढून द्यायचं, एवढाच माझा धंदा. सरकारी भाषेत त्याला अभिलेखपाल म्हणतात. आमचे बाइंडर सत्तारभाई मला 'कागदाची आया' म्हणायचे. दोन्हींत मला सत्तारभाईंचा शब्द जास्त बरोबर वाटायचा.

या धंद्यातली माणसं जगभर एकमेकांना ओळखतात, हे बाहेरच्यांना सांगितलं की हसू येतं. पण ते खरं आहे. जगभरच्या दप्तरवाल्यांची एक संघटना आहे. तिनं एकदा छोट्या संस्थांसाठी ऑनलाइन वर्ग घेतला आणि अभ्यासाला जोड्या लावून दिल्या. माझ्या वाट्याला युक्रेनमधली ओक्साना आली. माझ्याच वयाची, जाड भिंगाचा चष्मा, चेहरा कायम ओढलेला. तिचं इंग्रजी आणि माझं इंग्रजी सारखंच लंगडं होतं, म्हणून आमचं जमलं. माझं माहेर अक्कलकोटकडचं, घरात कन्नड, शिक्षण मराठीत. तिचीही घरची भाषा एक आणि शाळेतली एक. इंग्रजीत 'तू' आणि 'तुम्ही' वेगळे नसतात, पण मनात मी तिला पहिल्या दिवसापासून 'तू'च म्हणायचे.

तिच्या शहरात नदी होती आणि त्या नदीला एकदा मोठा पूर येऊन गेला होता. वर्गात सगळ्यांनी आपापल्या संकटाची तयारी लिहायची होती. ओक्सानानं पाण्यावर लिहिलं, मी आगीवर. पाण्याचं पान मी कोरं ठेवलं तेव्हा ती म्हणाली, "छत आहे ना तुमच्याकडे? मग पाणीही आहे." मी ते सोडून दिलं.

त्यानंतरच्या जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या सुट्ट्या संपल्यावर मी दप्तरखाना उघडायला गेले आणि दार उघडेना. लाकूड फुगलं होतं. सत्तारभाईंनी खांदा लावून दार ढकललं, तेव्हा आतून पाणी आमच्या चपलांवर आलं. गच्चीवर संस्थेनं नवी टाकी बसवली होती. तिच्या पाइपाचा जोड सुट्टीत निखळला होता आणि पाणी छतातून झिरपत राहिलं होतं. छताचा गिलावा एका कपाटावर कोसळला होता. खालचे सगळे खण बुडाले होते, वरचे भिजले होते. पुठ्ठे फुगून कपाटांना असे घट्ट बसले होते की ओढूनही निघत नव्हते. खोलीला ओल्या गोणपाटाचा वास येत होता.

मी रडले नाही. स्टुलावर बसले आणि बुडालेले खण मोजले, एवढं आठवतं.

आमच्या संस्थेचे कार्यवाह दासरी वकील लगेच आले. पद्मशाली समाजातले, वडील-आजोबा मागावर बसलेले, स्वतः कोर्टात नाव काढलेले. माणूस सज्जन, पण बभ्र्याला फार भ्यायचे. त्यांनी दारातूनच सांगितलं की सगळं गच्चीवर उन्हात घाला, वर्तमानपत्रवाले यायच्या आत वाळलं पाहिजे. सत्तारभाईंनी नमुन्यांचा एक गठ्ठा उचलून जिन्याच्या उन्हात मांडलासुद्धा. ऊन वाईट एवढं मला ठाऊक होतं. पण मग करायचं काय, ते ठाऊक नव्हतं. पान कोरं ठेवलं होतं ना.

मी संघटनेच्या मेलवर चार ओळी टाकल्या आणि ओक्सानाला फोन लावला. तिच्याकडे नुकतं उजाडलं होतं. मेलवर उत्तरं येऊ लागली ती कुठून कुठून. लिस्बनहून, मनिलाहून, नकाशात शोधावं लागेल अशा एका बेटावरून. सगळ्यांचं म्हणणं एकच: ऊन नको, वह्या उघडू नका, थंड करा. आणि ओक्साना फोनवर मला कॅमेरा फिरवायला लावत होती. वर, खाली, कोपऱ्यात. एखादा डॉक्टर रोग्याला कूस बदलायला सांगतो तशी. मग म्हणाली, "दोन दिवसांत बुरशी येईल. तेवढ्यात हे सगळं पान-पान वाळवायला तुझ्याकडे माणसं आहेत?"

"नाहीत."

"मग गोठव."

मला वाटलं, माझं इंग्रजी चुकलं. तिनं पुन्हा सांगितलं. ओला कागद बर्फासारखा गोठवला की तो थांबतो. कुजत नाही, चिकटत नाही, शाई पुढं सरकत नाही. मग सवडीनं, थोडा थोडा काढून वाळवायचा. वर्ष लागलं तरी चालेल. पुरात त्यांनी तसंच केलं होतं.

हे मी दासरी वकिलांना सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मला ताप चढलाय. ट्रस्टींना मी काय सांगू, म्हणाले, कागदांचं आईस्क्रीम केलं? त्यांचं चुकत होतं असं नाही. ऐकायला ते तसंच होतं. तेवढ्यात ते जिन्याकडे वळले आणि थांबले. उन्हात मांडलेले नमुने गुंडाळी होऊन वळले होते. एका इरकली काठाचा तांबडा रंग ओघळून कागदाच्या कडेला जाऊन वाळला होता. मधली घरं पांढरी पडली होती. ते पायरीवर बसले आणि तो कागद हातात घ्यायला गेले, तर मी त्यांना घेऊ दिला नाही.

जरा वेळानं ते मला म्हणाले, "चिंचोळी एमआयडीसीत माझा एक पक्षकार आहे. डाळिंबाचे दाणे गोठवून परदेशी पाठवतो. विचारून बघू."

तो पक्षकार म्हणजे बिरुदेव कोळेकर. सांगोल्याकडचा धनगर, आजा-बाप मेंढरांमागं फिरलेले, यानं डाळिंब लावलं आणि पुढं कारखाना काढला. आम्ही पोचलो तेव्हा डोक्याला पांढरी टोपी, पायात गमबूट घालून तो स्वतः माल उतरवून घेत होता. दासरींनी सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि मान हलवली. खाण्याच्या मालाशेजारी घाण पाण्यातले कागद ठेवले आणि तपासणीवाला आला, तर त्याचा परवाना जाणार होता. शिवाय मृगबहाराचं डाळिंब त्याच आठवड्यात यायला लागलं होतं, खोल्या भरत आल्या होत्या. हे सगळं त्यानं अगदी शांतपणे सांगितलं. त्याच्या जागी मी असते तर मीही हेच सांगितलं असतं.

मग त्यानं मला विचारलं, "बाई, त्या कागदात आमच्या लोकांचं काय हाय का?"

खोटं बोलायचा मोह झाला. पण मला खरंच माहीत नव्हतं. मी म्हणाले, "मला ठाऊक नाही. काही दप्तर अजून उघडून वाचलंसुद्धा नाही कुणी."

तो गमबुटानं फरशीवरचं पाणी सारत उभा राहिला. शेवटी म्हणाला, "मागची येक खोली रिकामी करून देतो. तिला दार येगळं हाय. पेट्या बंद करून आणायच्या. उघडं येक पान दिसलं, तर गाडी हितनंच परत धाडीन. आन् माझा पुढचा माल आला की तुमी न्ह्यायचं."

खोली मिळाली, पण ती लहान होती. सगळं दप्तर तिच्यात मावणार नव्हतं.

मार्केट यार्डातून टोमॅटोचे क्रेट आणले. दासरी वकील त्यांच्या वस्तीतल्या विडी वळणाऱ्या बायकांना घेऊन आले. त्यांचा हात रोजचा ओल्या पानांत, त्यामुळे ओला कागद कसा धरावा ते फार सांगावं लागलं नाही. तेलुगूत आपसांत बोलत त्या गठ्ठ्यांमध्ये बटरपेपर घालत, कणा खाली करून वह्या क्रेटमध्ये उभ्या करत होत्या. फोन मी खिडकीत टेकवून ठेवला होता आणि ओक्साना तिच्या ऑफिसातून आमच्याकडे बघत होती. मध्येच तिचा आवाज आला, इतका मोठा की सगळ्यांचे हात थांबले. दाराशी क्रेटमध्ये फोटोंच्या काचा भरल्या जात होत्या. "काचा नको! काचा गोठवल्या तर चित्र सुटून येईल!" काचा मग आम्ही बाहेर काढून एकेक उभी करून वाऱ्यावर ठेवल्या. आज त्या सगळ्या आहेत. ती त्या वेळी चहा प्यायला उठली असती तर नसत्या.

काय न्यायचं आणि काय ठेवायचं, ते मात्र तिनं मला सांगितलं नाही. तिनं प्रश्न विचारले. याची दुसरी प्रत कुठं आहे? याची शाई पसरते का? जुन्या मोडी कागदांची शाई काजळीची, ती पाण्याला दाद देत नाही. ते मी मागं ठेवले. वर्तमानपत्रांच्या प्रती दुसरीकडे होत्या, तीही ठेवली. रंगीत नमुने सगळे घेतले. उरली गिरण्यांची हजेरीपत्रकं. ती जाडजूड आणि ढीगभर होती. अर्धीच मावत होती.

दासरी वकील माझ्या शेजारी उभे होते. एका गिरणीच्या गठ्ठ्यावर हात ठेवून म्हणाले, "यात आमचे आजोबा असतील, मॅडम." त्यांनी 'हे घ्या' असं म्हटलं नाही. मी तो गठ्ठा मागं ठेवला, कारण त्याची पानं वरच्या खणातली होती आणि कमी भिजली होती. पंख्याखाली वाळतील असा माझा अंदाज होता.

अंदाज चुकला. कोळेकरांच्या खोलीत गेलेलं जवळजवळ सगळं वाचलं. त्यांचा पुढचा माल आल्यावर त्यांनी क्रेट उचलून दुसऱ्या कोपऱ्यात लावले आणि आम्हाला काही कळवलंच नाही. उन्हाळ्यात आम्ही थोडे थोडे क्रेट आणून, सावलीत टिपकागदांमध्ये घालून वाळवले. सोलापूरच्या कोरड्या हवेला आम्ही जन्मभर शिव्या घालतो, त्या उन्हाळ्यात मी तिला एकही दिली नाही. पण मागं ठेवलेल्या त्या गिरणीच्या गठ्ठ्यात आतून बुरशी धरली. पानं एकमेकांत विरघळली. दासरी वकिलांनी त्यावर मला कधी एक शब्दही विचारला नाही. विचारला असता तर बरं झालं असतं.

यानंतर ओक्सानाशी माझं बोलणं नेमानं होऊ लागलं. तिच्या दप्तरखान्यात शहरातल्या घरांच्या नोंदी होत्या. कोणतं घर कुणाचं, कुणाकडून कुणाकडे गेलं. आपल्याकडे सिटी सर्व्हेच्या ऑफिसात असतं तसं. जन्म, लग्नं, शाळांचे दाखलेही होते. तिच्या शहराचं नाव मी इथे लिहीत नाही. तसं तिनंच सांगितलंय.

तिच्या देशात युद्ध सुरू झालं ते आम्ही टीव्हीवर पाहिलं. मी फोन करत राहिले, लागत नव्हता. मग तिचा मेल आला. स्वतःबद्दल काहीच लिहिलं नव्हतं. विचारलं होतं, तुमच्या मशीनवर जागा किती आहे?

बऱ्याच नोंदींचे फोटो तिनं आधीच काढून कॉम्प्युटरवर ठेवले होते. पण ते मशीन त्याच इमारतीत. इमारत गेली तर मूळही गेलं आणि नक्कलही. नक्कल देशाबाहेर, लांब, दोन-तीन ठिकाणी ठेवायची, हा आमच्या धंद्यातला जुना नियम. संघटनेनं देशोदेशींच्या मोठ्या संस्थांकडून जागा मिळवली होती. पण तिचं शहर लहान, तिचा नंबर मागं होता. पाणी शिरल्यानंतर आमच्या संस्थेनं एक मोठं मशीन घेतलं होतं, ते तिला माहीत होतं.

दासरी वकील या वेळीही घाबरले आणि या वेळीही त्यांच्या भीतीला अर्थ होता. परक्या देशातल्या माणसांची घरादाराची माहिती आपल्या मशीनवर ठेवायची, उद्या कुणी जाब विचारला तर काय उत्तर देणार? दोन दिवस त्यांनी कायद्याची पुस्तकं उलटली. मग स्वतःच मसुदा करून आणला: संस्था हे दप्तर फक्त सांभाळेल, कुणाला दाखवणार नाही, मागतील तेव्हा परत देईल. ट्रस्टींच्या सभेत एका ज्येष्ठांनी विचारलं, या लोकांचा आपल्याशी काय संबंध? दासरी उठून म्हणाले, "तुमच्या आजोबांच्या दुकानाचे काठाचे नमुने आज शाबूत आहेत, ते या बाईमुळं. एवढाच संबंध आहे." ठराव झाला.

नक्कल येऊ लागली. हे काम बाहेरून अगदी कंटाळवाणं दिसतं. मशीनसमोर दोन बायका, एक इथं, एक तिथं. प्रत्येक फाइलला बोटाच्या ठशासारखा एक लांबलचक आकडा असतो. तिथून निघताना जो असतो तोच इथं पोचल्यावर आला पाहिजे. एक अक्षर चुकलं तर फाइल वाटेत खराब झाली असं समजून पुन्हा मागवायची. त्यांच्याकडची लाइन कधी असायची, कधी नसायची. आमच्याकडेही वीज जायची. मी आकडे ताडून पाहायचे आणि तिला सांगायचे, ही आली, ही पुन्हा पाठव. ती एकेक वॉर्ड पाठवत होती. त्यांच्या लिपीतली अक्षरं मी त्याच दिवसांत ओळखायला शिकले.

नदीकाठचा वॉर्ड राहिला होता. त्या दुपारी तो यायला लागला आणि निम्मा झाला असेल, तेव्हा तिच्या मागून हवाई हल्ल्याचा भोंगा ऐकू आला. टीव्हीवर ऐकलेला तोच आवाज, पण आता माझ्या खोलीत. तिच्या सहकारी बाईनं दारातून काहीतरी हाक मारली आणि ती तळघराकडे पळाली. ओक्साना उठली नाही.

"जा," मी म्हणाले.

"थोडंच राहिलंय. भोंगा रोज वाजतो."

"ओक्साना, ऊठ."

"लाइन सारखी तुटतेय, मी उठले तर ती पुन्हा कोण जोडणार? उद्या लाइन असेलच असं नाही."

मी फाइलींकडे पाहिलं. त्या येत होत्या. एकेक आकडा जुळत होता. आमच्या धंद्याच्या दृष्टीनं तिचं बरोबर होतं. वर्षानुवर्षं मी स्वतः लोकांना सांगत आले की माणसं जातात, दप्तर राहिलं पाहिजे. पण तिचा चेहरा माझ्यासमोर होता, आणि भोंगा थांबत नव्हता. मी तिला सांगितलं, "मी इथून बंद करतेय. माझ्याकडे काही येणार नाही. आता तिथं बसून उपयोग नाही." आणि घेणं बंद केलं. ती इंग्रजी सोडून तिच्या भाषेत काहीतरी बोलली. ते शब्द मला कळले नाहीत, राग कळला. मग तिची खुर्ची रिकामी दिसली.

त्या दिवशी तिच्या इमारतीवर काही पडलं नाही.

भोंगा संपल्यावर तिचा निरोप आला: काही झालं नाही, उघड. मी लगेच उघडलं. पण तोवर तिच्या भागाची वीज गेली होती. वीज परत आलीच नाही. पुढच्या दिवसांत नदीवरचा पूल बंद झाला. तिचं घर अलीकडे, ऑफिस पलीकडे. तिला बसमध्ये घालून दुसऱ्या शहरी नेलं. त्यानंतर कधीतरी ती इमारत जळाली. कपाटं, वह्या, मशीन, सगळं. जे सोलापुरात पोचलं होतं तेवढं उरलं. नदीकाठच्या वॉर्डाचा दुसरा निम्मा भाग जगात कुठंच नाही.

ओक्सानानं माझ्याशी बोलणं सोडलं. ती जिवंत आहे, कुठं आहे, हे मला संघटनेकडून कळलं. मी मेल पाठवत राहिले. खूप दिवसांनी एका मेलला उत्तर आलं: "मला तो वॉर्ड हवा होता. थोडाच वेळ लागला असता." तिचं म्हणणं खरं होतं. भोंगा थांबल्यावर ती तळघरातून जशी गेली तशी वर आली होती. मी बंद केलं नसतं तर तो वॉर्ड आला असता.

मी हे सत्तारभाईंना सांगितलं. ते कात्रणं चिकटवत होते. खळ पुसून म्हणाले, "अक्का, तुमी बरोबर केले का चूक केले, ते त्या बाईला बी सांगता येनार नाय." मला तेवढ्यानं बरं वाटलं नाही, पण खोटं बोलून धीर द्यायचा प्रयत्न त्यांनी केला नाही, याचं बरं वाटलं.

मी निवृत्त झाले, तरी या एका कामासाठी जात राहिले. कारण मागण्या येऊ लागल्या. ज्यांची घरं पडली त्यांना भरपाईसाठी घर आपलं होतं हे दाखवायचं होतं, आणि कागद घरातच जळालेले. ओक्सानाच्या नव्या ऑफिसातून नुसत्या अर्जांच्या प्रती यायच्या, सोबत तिचा शब्द नसायचा. मी शोधायचे, ताडायचे, पाठवायचे. पोच यायची.

एक अर्ज आला एका म्हाताऱ्या गृहस्थांचा. आधी रस्त्याचं नाव वाचलं आणि हात थांबला. नदीकाठचा वॉर्ड, न आलेला निम्मा भाग. तरी मी सगळं दप्तर उपसलं. नव्हतंच. 'आढळत नाही' असं लिहायला बसले. दप्तरखान्यात हे दोन शब्द मी कितीदा लिहिले असतील, पण या वेळी लिहवेनात. मी ओक्सानाला व्हिडिओ कॉल लावला. तिनं उचलला. केस बारीक कापले होते, ते बरेच पांढरे झाले होते. कशी आहेस, हे दोघींनीही विचारलं नाही. मी रस्त्याचं नाव सांगितलं.

ती जरा वेळ वर बघत राहिली, घराचा जिना आठवावा तशी. मग म्हणाली, "त्या रस्त्याच्या मागची गल्ली दुसऱ्या वॉर्डात मोडते. ती तुझ्याकडे आलीय. तिथल्या घरांचे करार काढ. त्यांच्या मागच्या भिंती या रस्त्याला लागून आहेत."

मला लख्ख कळलं. आपल्याकडच्या खरेदीखतात चतुःसीमा लिहितात तशाच तिकडेही लिहितात: पूर्वेला अमुक, पश्चिमेला तमुक. त्या म्हाताऱ्याच्या घराचा कागद नव्हता, पण त्याच्या पाठीमागच्या शेजाऱ्याचा होता. एकेक करार मी मशीनवर उघडून तिला दाखवत गेले. ती सांगत गेली: हा नाही, पुढं, अजून पुढं. एका करारात मागच्या बाजूला कुणाची जागा आहे ते लिहिलं होतं. आडनाव म्हाताऱ्याचंच, नाव त्याच्या बापाचं. मी अक्षर अक्षर लावून मोठ्यानं वाचलं. माझा उच्चार इतका वाईट होता की ती पहिल्यांदा हसली.

एवढ्यानं घर सिद्ध होत नाही. पण अर्ज फेटाळला गेला नाही, सुनावणीला लागला. आता त्या निम्म्या वॉर्डातली घरं आम्ही अशीच शोधतो. शेजाऱ्यांच्या करारांवरून, पाणीपट्टीच्या याद्यांवरून, शाळेच्या दाखल्यांवरच्या पत्त्यांवरून. कोणत्या भिंतीमागं कोण राहत होतं, हे तिच्याशिवाय आता कुणाला माहीत नाही. सगळी सापडणार नाहीत. काहींच्या शेजाऱ्यांचाही कागद नाही, आणि मग 'आढळत नाही' लिहावंच लागतं. लिहिताना मला ती दुपार आठवते. तिलाही आठवत असणार.

परवा एक घर लागलं, तेव्हा कॉल ठेवायच्या आधी तिनं विचारलं, "पुन्हा तशी वेळ आली, तर पुन्हा बंद करशील?"

"करीन," मी म्हणाले.

तिनं चष्मा काढून पुसला, परत घातला.

"चल," म्हणाली, "पुढचं घर घे."